‘तुमच्यात काय म्हणतात?’

सुलभाताई ओगले गेल्याचा फोन त्यांच्या भाच्याने केला, तेव्हा मी कॉलेजात तासाला निघाले होते. “झोपेतच गेली मावशी. त्रास नाही झाला,” तो म्हणाला. मी तास घेतला. काय शिकवलं ते आता आठवत नाही. संध्याकाळी नारायण पेठेत त्यांच्या घरी जाऊन बसले, पण कात्रजला परतल्यावर आईला मात्र काही बोलले नाही. तिची तब्येत नाजूक, उद्या सांगू, असं करत दिवस गेले... खरं तर ही बातमी तिला कोणत्या शब्दांत सांगायची, तेच मला ठरवता येत नव्हतं. सुलभाताईंचा आणि आईचा संबंध जुळला तोच एका शब्दावरून.

माझे वडील, शंकर कांबळे, ड्रेनेज साफ करायच्या कामावर होते. मी शाळेत असताना ते एका चेंबरमध्ये उतरले आणि आतल्या वायूने गुदमरून गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘कामगाराचा मृत्यू’ एवढीच बातमी आली. नाव नव्हतं. आईला वाचता येत नसे. मीच नाव गाळते आहे की काय, असं वाटून तिने ती बातमी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली.

सुलभाताई तेव्हा रेडिओवर होत्या. चालू घडामोडी आणि सामाजिक प्रश्नांवरचा त्यांचा कार्यक्रम दर आठवड्याला संध्याकाळच्या बातम्यांनंतर लागायचा. खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून त्या आमच्या वस्तीत आल्या. माझे चुलते, बाळूकाका, दारातच म्हणाले, “या. आता आमचं रडं पण रेकॉर्ड करा.”

“रडायलाच हवं असं नाही,” ताई म्हणाल्या. “काय घडलं ते सांगितलंत तरी पुरे.”

आई बोलायला तयार झाली ती एका अटीवर. “माणसाचं नाव नीट घ्या, बाई. पेपरवाल्यांनी घेतलंच नाही.” ताईंनी शब्द दिला.

त्यांची एक रीत होती. ज्याचं बोलणं रेकॉर्ड केलं, त्याच्याच घरी बसून तो कार्यक्रम ऐकायचा. रेडिओ केंद्रात बसून ऐकलं की आपलाच आवाज ऐकू येतो, समोरच्याचा नाही, असं त्या म्हणायच्या. तशा ताई त्या संध्याकाळीही आल्या आणि आमच्यात चटईवर बसल्या. दारात शेजारीपाजारी दाटीने उभे. रेडिओवर आधी कोणी साहेब सुरक्षेच्या साधनांविषयी बोलले, आणि मग ताईंचा आवाज आला, “कैलासवासी शंकर कांबळे यांच्या पत्नी आता आपल्याशी बोलतील...”

“नाव शंकर, म्हणून कैलासात धाडलं होय?” बाळूकाका म्हणाले. दारात कोणीतरी हसलं. आई हसली नाही. रेडिओवर तिचंच बोलणं चाललं होतं, पण ती ते ऐकत नव्हती. कार्यक्रम संपल्यावर म्हणाली, “आम्ही धम्म घेतलाय, बाई. माझ्या सासऱ्यांनी घरातले देव नदीत सोडले, आणि त्यांच्या पोराला तुम्ही पुन्हा तिथंच नेऊन बसवलं. मी म्हटलं होतं, नाव नीट घ्या.”

लहानपणापासून कानावर असलेला शब्द होता, तोंडात आला, असलं काही ताई बोलल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “तुमच्यात काय म्हणतात?”

हा प्रश्न आमच्या चांगल्या ओळखीचा होता. शाळेत, नळावर, भाड्याची खोली बघायला गेलं की तिथेही, ‘तुमच्यात’ असं कोणी म्हणालं की त्याला खरं काय काढून घ्यायचंय ते आम्हाला कळायचं. पण ताई खरोखरच उत्तरासाठी थांबल्या होत्या. शेवटी आई म्हणाली, “कालकथित.” ताईंनी तो शब्द आईकडे बघत हळूच म्हणून पाहिला, नवीन गावाचं नाव शिकावं तसा.

केंद्रातल्या वरिष्ठांनी त्यांना समजावलं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. “अहो, एका शब्दाची कसली दुरुस्ती करताय? कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नसेल.” त्यावर ताई म्हणाल्या, “ज्यांच्या लक्षात आलंय, त्यांच्यासाठीच करायचीय.” पुढच्या आठवड्यात त्यांनी ती केली. चूक कोणती, योग्य शब्द कोणता, आणि मग ‘कालकथित शंकर कांबळे’ असं पूर्ण नाव. तेही ऐकायला त्या आमच्याच घरी आल्या. ऐकून झाल्यावर आईने रेडिओ बंद केला आणि चहा टाकला. त्या दिवसापासून त्या आमच्या झाल्या.

पुढे माझं वाचन त्यांच्या नारायण पेठेतल्या खोलीतच झालं. पहिला निबंध दाखवला, तर म्हणाल्या, “‘समाजातील वंचित घटक’ म्हणजे कोण गं, उषा? घटक रसायनात असतात.” कोणाकडेही माईक धरण्याआधी त्यांचा तोच प्रश्न असायचा, मग समोर मशिदीजवळचा अत्तरवाला असो की कसब्यातला तांबट. केंद्रातले लोक चिडवायचे, “आल्या, ‘तुमच्यात काय म्हणतात’ आल्या!” निवृत्तीनंतरही रेडिओशी त्यांचं भांडण चालूच होतं. आमच्या शेवटच्या भेटीत बातम्या लागल्या होत्या. “‘मृतदेह ताब्यात घेतला’ म्हणे,” त्या पुटपुटल्या, “पळून चालला होता का?” ... आणि आम्ही दोघी हसलो.

आईला सांगितलं ते एका रविवारी दुपारी. “सुलभाताई गेल्या गं,” एवढंच मला म्हणता आलं. ती पलंगाच्या कडेला टेकली. मग तिने विचारलं, “त्यांच्यात काय म्हणतात?”

मी म्हटलं, “आई, त्या काही देवाधर्माचं मानत नव्हत्या.”

“मानत होत्या का, ते नाही विचारलं. त्यांच्या घरात काय म्हणतात?”

“कैलासवासी,” मी म्हटलं.

आईने मान हलवली. पदर सारखा केला. मग एकेक अक्षर जपून उच्चारत म्हणाली, “कैलासवासी सुलभाताई ओगले.” आणि माझ्याकडे बघितलं. “नीट झालं का?”

“झालं.”

“थांब,” ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा म्हणाली. या वेळी जरा मोठ्याने, शेजारच्या घरातही ऐकू जाईल असं.