तारीख देणाऱ्या आपा

एका बलाढ्य परदेशी कंपनीला ताटकळत ठेवण्याची ताकद आमच्या भागात एकाच व्यक्तीकडे होती. ती कुठल्या पुढाऱ्याकडे नव्हती की साहेबाकडे नव्हती. ती होती जानेफळच्या बसस्टँडमागे, पत्र्याच्या दुकानात मराठी टायपिंग करणाऱ्या आपांकडे.

संगणकाच्या पडद्यावर अधूनमधून एक चौकट उगवायची. नवीन अपडेट आलं आहे, संगणक बंद करून पुन्हा चालू करू का? की दहा मिनिटांनी आठवण करू, तासानं करू, चार तासांनी करू? आपा कपाळावरचा चष्मा खाली ओढून ती चौकट पहिल्यांदाच बघत असल्यासारखी शेवटपर्यंत वाचत आणि 'चार तास' निवडत. मग समोरच्या गिऱ्हाइकाला सांगत, "तारीख दिली त्याईले." तहसीलमधून वर्षानुवर्षं तारखा घेऊन परतणारी माणसं हे ऐकून प्रसन्न होत. आपल्या बाजूनंही कुणीतरी तारीख देतं, हे समाधान लहान नव्हतं. तारीखवाल्या आपा हे नाव त्यातूनच पडलं. मी शाळेच्या प्रश्नपत्रिका टाईप करून घ्यायला जाई, तेव्हा हा सोहळा पाहायला थोडा जास्तच रेंगाळत असे.

आपांचा हट्ट अकारण नव्हता. टायपिंग त्या मेहकरला लोखंडी यंत्रावर शिकलेल्या. नवरा गेल्यावर पोटासाठी संगणक घेतला, तेव्हा जुन्याच सवयीनं बोटं चालवता येतील असं एक सॉफ्टवेअर चिखलीच्या मेकॅनिकनं त्यात घालून दिलं. सुरुवातीला एकदा त्यांनी भोळेपणानं अपडेटला 'हो' म्हटलं. अर्धा दिवस पडद्यावर चक्र फिरत राहिलं. सुधारणा इतकी पक्की झाली की एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची खिचडी शिजली. मेकॅनिक सापडेपर्यंत दुकान बंद. "सुधरवणारे लय भेटतात, सर," त्या म्हणत. "पहिले होतं तसं करून देणारा भेटत नाही."

तो काळच सुधारणेचा होता. कपाशीचं बियाणं दर वर्षी नव्या नावानं येई आणि पिशवीवरची बोंडं शुभ्र हसत. हे वाण अळीला खाताच येणार नाही, असं सगळ्यांना सांगितलेलं होतं. अळीला सांगायचं तेवढं राहून गेलं. तिनं कुणाला न विचारता स्वतःला अपडेट करून घेतलं, आणि एका साली हिवरा आश्रमापासून उंद्रीपर्यंत जे बोंड फोडावं त्यात ती गुलाबी होऊन बसलेली. मग भरपाईचे अर्ज निघाले. अर्जासोबत बियाण्याची पावती आणि रिकामी पिशवी मागितली गेली. माणूस पेरणी झाल्यावर रिकाम्या पिशवीची घडी घालून ती ट्रंकेत जपतो, अशी वरच्यांची समजूत असावी.

"काऊन बे, पिशवी कुठं हाय?" आपा विचारत.

"पिशवीत मायनं मिरच्या भरल्या, आपा."

"मंग मिरच्यासकट आण. अळी नाही दिसली तं ठसका तरी लागन साहेबाले."

त्या हंगामात आपांनी नेटची वायरच काढून ठेवली. मशीन मध्येच सुधारलं तर एवढ्या लोकांचे अर्ज कोण लिहिणार, हा त्यांचा सवाल होता. अर्जांच्या शेवटच्या दिवशी मुदत वाढल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी मान डोलावली. "पाह्यलं? सरकारनंबी चार तासच दाबलं."

पण त्यांच्याकडे तारीख मागणारा आणखी एकजण होता. नईम, त्यांचा एकुलता एक मुलगा. पुण्यात नोकरी, बायको, दोन मुलं. तो दर जुम्म्याला फोन करी. आपांचे हात कीबोर्डवर असत म्हणून फोन स्पीकरवर असे आणि मायलेकांचं बोलणं सगळं गिऱ्हाईक ऐकत असे.

"अम्मी, अब आ जाओ. अकेली कब तक रहोगी?"

"हाव रे. पऱ्हाटी निघू दे."

कपाशीची पऱ्हाटी निघाली की लग्नसराई, लग्नसराई झाली की शाळांचे दाखले, दाखले झाले की पुन्हा पेरणी. एकदा भोवळ येऊन त्या दुकानातच पडल्या, तेव्हा मी म्हणालो, "आपा, आता जा त्याच्याकडे. नातवंडं तरी ओळखतील तुम्हाला."

"जाईन नं, सर. मले काय तिथं जावं वाटत नाही का? पर तिथं मी कोण? इथं निदान मशीन तरी विचारते मले, करू का म्हणून."

मग एका हिवाळ्यात पडदाभर निरोप आला. त्यात हो किंवा नाही असं काही नव्हतं. या संगणकाला यापुढे अपडेट मिळणार नाहीत, असं मोठ्या अदबीनं कळवलेलं होतं. मी अर्थ सांगितला तेव्हा आपांनी बाजूच्या टपरीवरून सगळ्यांना चहा मागवला. "हारली कंपनी," त्या म्हणाल्या. सगळे हसले. कपातला चहा संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "सर, नईमबी आताशा 'येते का' म्हणत नाही. तब्येत पुसते आन फोन ठेवते."

पुढच्या जुम्म्याला त्यांनीच फोन लावला. हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, तरी फोन सवयीनं स्पीकरवरच होता. "नईम, येऊन राह्यली मी. घिऊन जा मले."

पलीकडून तो फार प्रेमानं म्हणाला, "अम्मी, अभी घर छोटा पड रहा है. हम बडा घर देख रहे हैं. गर्मी की छुट्टियों के बाद देखते हैं ना."

"हाव. चालते बेटा." फोन ठेवून त्यांनी माझ्या प्रश्नपत्रिकेचा कागद पुढे ओढला. "तारीख भेटली, सर. देणाऱ्याले घेताबी आली पाह्यजे." चष्मा मात्र बराच वेळ सापडेना. तो कपाळावरच होता.

सुट्ट्या लागण्याआधीच आपा गेल्या. नईम रातोरात आला. दफन आटोपल्यावर आम्ही दोघं दुकानात गेलो. "सर, इसमें अम्मी का कुछ होगा क्या? फोटो, आवाज, कुछ भी?" त्याचे डोळे सुजलेले होते. मी संगणक चालू केला. लोकांचे अर्ज होते, लग्नपत्रिका होत्या, माझ्या प्रश्नपत्रिका होत्या. नईम स्टुलावर बसून पडद्याकडे बघत राहिला, कोपऱ्यात काही उगवेल म्हणून वाट पाहिल्यासारखा. मशीननं त्याला काहीच विचारलं नाही.