दोन माणसं कमी

आमच्या कोकणातल्या गावात इस्राएल आळीच्या टोकाला ज्यू लोकांचं सिनेगॉग आहे. तिथे प्रार्थना चालवणारे हझान अब्राहमकाका आमचे शेजारी. आळीत कुणी गेलं की कद्दीश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, ते घरच्यांकडून म्हणवून घेत. यंदा त्यांचीच बायको, रिबेकाकाकू, गेली.

त्या शनिवारी सकाळी मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. देखभाल करणारा डॅनियल दारातून रस्त्याकडे बघत होता. कद्दीशला दहा ज्यू पुरुष लागतात. काका आणि डॅनियल धरून आठच होते. बाकीची घरं केव्हाच मुंबईला, इस्राएलला गेली.

"काका, मला धरा की, आणखी एकाला घेऊन येतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी माया पोचली रे तिला. पण ज्यू सोडून कुणाला धरून चालत नाही."

डॅनियल पुटपुटला, "हझानसाहेब, म्हणून टाका. इथं कोण बघतंय?"

"जन्मभर लोकांना नियम मीच सांगितला, डॅनियल. आता माझ्या घरची गेली म्हणून मोडू?"

प्रार्थना सुरू झाली. कद्दीशची जागा आली तेव्हा काका थांबले. सगळे खाली बघत उभे राहिले. आळी रिकामी होत गेली की घरांना कुलपं लागतात, एवढंच मला ठाऊक होतं. गेलेल्या माणसासाठी चार शब्द बोलण्याचा हक्कही जातो, हे त्या शांततेत कळलं.

काकांनी कद्दीशचं पान न म्हणताच उलटलं आणि ते पुढची ओळ म्हणू लागले.