सेल्फ मारायची की दिवा जाळायची?

लाखनीला हायवेवर बाबांचं ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी ते बंद केलं, आणि बॅटरीबद्दल त्यांना कुणी काही विचारेनासं झालं. दिवसभर ओसरीत बसून ते जाणाऱ्या ट्रकचे आवाज ऐकत. मला ते बघवत नसे.

म्हणून माझ्या रिमोटवरच्या फोमच्या विमानाला लिथियम पॉलिमर बॅटरी घ्यायची ठरली, तेव्हा मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. तीन बॅटऱ्या होत्या: एक चपटी, एक जाडजूड, एक मधली. वाटलं, जाडजूडवरच बोट ठेवतील. त्यांनी विचारलं, "सेल्फ मारायची हाये का दिवा जाळायची?"

मी हसलो, आणि मग माझं हसू जिरलं. या बॅटरीवर 'सी'चा आकडा असतो. ती एका दमात किती करंट देईल ते तो सांगतो; सेल्फ मारून इंजिन चालू करायला तसाच दणका लागतो. एमएएचचा आकडा सांगतो, किती वेळ पुरेल, म्हणजे दिवा किती वेळ जळेल. आठवडाभर व्हिडिओ पाहून मला जे कळलं, ते बाबांनी एका प्रश्नात पकडलं होतं. विमानाला दोन्ही हवं, शिवाय वजन पेललं पाहिजे. मधली मागवली.

पण उडवणार कुठे? बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, धान उभं होतं. कापणी होईस्तोवर बॅटरी बाबांच्या ताब्यात राहिली. दुकानात त्यांचा नियम एकच होता: बॅटरी भरूनच ठेवायची. भरली की ते खडूने तिच्यावर तसं लिहीत, खाली तारीख टाकत. हीसुद्धा त्यांनी दर आठवड्याला इमानदारीने भरली. धान निघालं तेव्हा ती टम्म फुगलेली होती.

लिथियमची बॅटरी नुसती ठेवायची असेल तर अर्धीच भरलेली ठेवतात. मला ते माहीत होतं, सांगायचं राहून गेलं. चूक माझीच, तसं मी म्हणालोही. बाबांनी फुगलेली बॅटरी, पेट घेऊ नये म्हणून, वाळूच्या बादलीत घालून अंगणाच्या टोकाला ठेवली. "आमचं काम संपलं बाबू. आता तुहं तूच पाह्य." मला स्वतःचा भयंकर राग आला.

चार दिवस ते बॅटरीचं नाव काढेनात. पाचव्या दिवशी त्यांनीच हाक मारली. "हे अर्धी काहून ठेवा लागते? ट्रकची शिशाची तं अर्धी ठेवली का मरते."

मला नीट सांगता येईना. मग दोघं मिळून व्हिडिओ बघत बसलो. ते सारखे "मांगं घे" म्हणत. दुसरी बॅटरी त्यांनी एकट्याने निवडली.

रिकाम्या बांधीत विमान उडालं. मी वर बघत होतो, बाबा खुर्चीत बसून घड्याळाकडे. "उतरव आता," ते म्हणाले. उतरल्यावर त्यांनी बॅटरी तळहातावर धरली. "कोमट हाये. चालते."

घरी आल्यावर मी मुद्दाम विचारलं, भरून ठेवू का? त्यांनी चार्जर ओढला, बॅटरी बरोबर अर्ध्यावर आणली, पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि खडू मागितला. दुकान बंद झाल्यापासून घरात खडू नव्हता. मी चौकातून आणला. त्यांनी डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'अर्धी', आणि खाली तारीख टाकली.