रुचिताने भरवलेली डॉक्टरांची शाळा

आमची रुचिता कर्जतला कातडीची डॉक्टर आहे म्हटलं की लोक लगेच विचारतात, गोरं व्हायचं मलम देते का हो? नाही देत. मागायला गेलात तर ओरडा खाऊन याल. ती माझी मावसबहीण, खालापूरकडच्या भातवाल्या घरातली. मुंबईत शिकली, तिथली भरपगाराची नोकरी सोडून परत आली, आणि मावशीने किती दिवस तिच्याशी अबोला धरला. माझं खोपोलीत मेडिकलचं दुकान आहे. तिची प्रत्येक गोष्ट माझ्या कानावर येते आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तेव्हा ऐकाच.

केरळात परदेशातून आलेल्या एका माणसाला मंकीपॉक्स निघाल्याची बातमी आली आणि बाईच्या डोक्यात किडा वळवळला. मला फोन करून म्हणाली, "तेजू, आपल्याकडची किती पोरं आखातात ड्रायव्हर आहेत, वेल्डर आहेत. त्यातला एखादा ताप घेऊन उतरला तर त्याला आधी कोण बघणार? तुझा शेजारी नवनाथच ना?"

डॉक्टर नवनाथ म्हणजे आमच्या भागातला सुईबहाद्दर. इथली रीतच आहे, हळद असो, साखरपुडा असो, अंग मोडून आलं की माणूस नवनाथकडे जातो, एक सुई टोचून घेतो आणि मांडवात जाऊन उभा राहतो. तपासणं-बिपासणं नंतर. माणूस वाईट नाही, पण हात फार चटकन चालतो.

तर रुचिताने रविवारी खोपोलीत हॉल घेतला आणि कर्जतपर्यंतच्या डॉक्टरांना बोलावलं. वडापाव ठेवलेत म्हणून मीच नवनाथला ओढून नेलं. तो मागच्या खुर्चीत बसून म्हणाला, "मॅडम, हे विमानतळावरच्या डॉक्टरांना शिकवा. आमच्याकडे कोण येतंय?"

"विमानातून उतरल्यावर दोन दिवसांनी ताप आला तर माणूस परत विमानतळावर जातो का?" रुचिता म्हणाली. "तुमच्याकडेच येतो, आणि सुई मागतो."

सगळे हसले, नवनाथसुद्धा. मग एकाने विचारलं, माथेरानच्या माकडांपासून सांभाळायचं का? ती म्हणाली, "माकडं केळं पळवतील तुमचं. हा आजार माणसाकडून माणसाला होतोय. अंगाला अंग लागून, एका अंथरुणात झोपून, एकाचा टॉवेल दुसऱ्याने वापरून."

आणि पुढे तिने जे केलं ते पाहून मी तर खुर्चीवरून उठून पुढे गेले. पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीचे, आपल्या सावळ्या अंगावर लाली कुठे दिसते? म्हणून तिने तांदळाची उकड काढून ताटांत थापून आणली होती. अर्ध्या ताटांत वरूनच भिजलेला साबुदाणा चिकटवलेला, अर्ध्यांत कडवे वाल आत खोल दाबलेले. सगळ्यांना हातमोजे घालायला लावले, डोळे मिटायला लावले आणि म्हणाली, चाचपा. साबुदाणा म्हणजे कांजण्या, वरवरच्या, बोटाखाली फुटणाऱ्या, एक ताजी तर दुसरी सुकलेली. वाल म्हणजे मंकीपॉक्स. घट्ट, खोल, आणि एका जागचे फोड बहुतेक एकाच वयाचे. पन्नाशीचे डॉक्टर डोळे मिटून उकड चाचपताहेत आणि "साबुदाणा", "वाल" म्हणून ओरडताहेत, असली शाळा मी जन्मात पाहिली नव्हती. हसून हसून माझी मुरकुंडी वळली.

शेवटी ती मात्र गंभीर झाली. "ताप आणि पुरळ दिसली की तळहात, तळपाय बघा. गळ्यात, जांघेत गाठ लागते का बघा. लाजेच्या जागी एखादाच फोड असेल, तेव्हा दार लावून विचारा, चारचौघांत नको. माणूस लाजला तर खरं सांगणार नाही, आणि लहान मूल घरात असेल तर ते मूल भोगेल."

पुढे पाऊस सरला, भातं कापून झाली, आणि एका सकाळी रोहिदास नवनाथच्या दवाखान्यात आला. आखातात ट्रक चालवतो. तो तिकडे असताना बायकोला, भाग्यश्रीला, कर्जतजवळ कोंडाण्याला माहेरी मुलगी झाली. बापाने अजून पोरीला हातात घेतलेलं नव्हतं. त्याच्या सुट्टीसाठी बारसं लांबवलेलं आणि ते त्याच दिवशी होतं. त्याची आई आधीच कोंडाण्याला गेलेली. हा विमानतळावरून टॅक्सीने येऊन, घरी सामान टाकून, पोरीसाठी चांदीचे वाळे खिशात घेऊन निघाला होता. अंगात ताप, हनुवटीवर दोन फोड.

"एक सुई मारा डॉक्टर," तो म्हणाला. "सासरी बारसं हाय. आज मला काय होऊन नाय चालायचं."

नवनाथने माझ्याकडून इंजेक्शन मागवलं. मी नेऊन दिलं. त्याने सुई भरली, आणि मग थांबला. म्हणाला, "जरा हात उघड रे."

दोन्ही तळहातांवर फोड होते. नवनाथने हातमोजे चढवले, मास्क लावला, मला बाहेर पिटाळून दार लावलं. थोड्या वेळाने आतून फोनवरचा आवाज ऐकू आला, पोरासारखा चढलेला, "मॅडम, वाल लागतोय हाताला. गळ्यात गाठपण आहे. लगेच निघा."

रुचिता पळसदरीवरून स्कूटर दामटत आली. अंगभर झाकणारा दवाखान्याचा पोशाख चढवून आत गेली. आखातात खोलीतल्या सोबत्याच्या अंगावर फोड होते, दोघांचा टॉवेल एकच, हे रोहिदासने दाराआड सांगितलं. सरकारी दवाखान्यातल्या वेगळ्या खोलीत जावं लागेल म्हटल्यावर मात्र तो भडकला. "आन् सासरी काय तोंड दाखवू? जावई बारशाला आला नाय म्हणतील!"

"ते माझ्याकडे लागलं," रुचिता म्हणाली. "एवढं तान्हं बाळ हा आजार सोसेल की नाही, मला सांगता येत नाही. तू घेणार का तिला आज?"

तो खिशातले वाळे काढून बघत बसला. मग सरकारी दवाखान्याच्या गाडीत जाऊन बसला.

रुचिता पोशाख उतरवून, हात धुऊन लगेच कोंडाण्याला गेली, मी शेपटासारखी मागे. पाळणा सजलेला, आणि सासू धोंडूबाई कंबर कसून भांडायला उभी. रुचिताने समोर बसून सगळं सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या लहानपणी देवी आल्या की दाराला लिंबाचा पाला लावायचे. मग सख्खा भाऊ पन आत पाय नाय टाकायचा, आन् कोन रुसायचंबी नाय. जावई बरा होऊ दे. बापाबिगर नाव नाय ठेवायचं." पाहुणे जेवून गेले, पाळणा रिकामाच राहिला.

फोडांचा नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत गेला आणि खरंच मंकीपॉक्स निघाला. रोहिदासचं दुखणं-ताप आवरायची औषधं, फोड स्वच्छ ठेवणं, डोळे सांभाळणं, पोटभर पाणी, असं सगळं चाललं. टॅक्सीवाल्यावर, नवनाथवर आणि माझ्यावरही तीन आठवडे नजर. रोज रुचिताचा फोन, "तेजू, ताप बघितलास?" कोणालाच काही झालं नाही. नवनाथ आता सुई भरायच्या आधी हात उघडायला लावतो, आणि हे स्वतःच गावभर सांगत फिरतो.

खपल्या पडल्या, खाली नवी कातडी आली, रुचिताने हिरवा कंदील दिला, आणि पुन्हा बारसं धरलं. रोहिदास आला तो ओट्याखालीच उभा राहिला. "तुमी करा सगळं, मी हितनंच बघतो," म्हणाला. रुचिताने किती समजावलं, पण तो काही पायरी चढेना. शेवटी धोंडूबाईच खाली उतरली आणि पोर त्याच्या हातात ठेवली. "घे रं. तुज्यापायी बिननावाची राहिली पोर."

रोहिदास ताठ उभा. मग एकदम घाबरून म्हणाला, "डॉक्टर, ही गरम लागते. ताप तर नाय हिला?"

रुचिताने बाळाच्या कपाळाला, पोटाला हात लावून पाहिला. "ताप नाही रे. तान्ह्या बाळाचं अंग असंच ऊबदार असतं. तुला कसं कळणार, तू कुठे घेतलंस कधी?"

ते ऐकून तो पोरीला छातीशी धरून पायरीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. आत्या नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकली, तरी त्याच्याने पोर सोडवेना.