कोणता, ते कळेपर्यंत

"ताई, हा टीबी नाही. लिम्फोमा असावा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. पण नेमका कोणता, ते आज सांगता येत नाही."

नागपूरच्या डॉक्टरांनी हे सांगितलं, तेव्हा मानेतल्या गाठीसाठी मी कित्येक महिने टीबीच्या गोळ्या घेत होते. मी मोहाडीजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका. काम बंद होतं. माझी लेक आजीजवळ झोपायची. मी मागच्या खोलीत. टीबी नाही म्हटल्यावर ती लगेच मांडीवर येऊन बसली. पण सीटी स्कॅनमध्ये छातीतही गाठ दिसली होती, ती श्वासनळीवर दाबत होती. लेकीला उचलायला गेले की दम लागायचा. टीबीची औषधं बंद झाली, कॅन्सरची सुरू होईनात.

अडलं होतं ते एका तपासणीपाशी. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, थोडक्यात आयएचसी. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे अगदी पातळ काप काचेवर घेतात. त्यावर जे द्रव्य सोडतात, ते ठरावीक प्रथिनालाच चिकटतं. ते प्रथिन असलं, तर पेशी रंगून तपकिरी दिसतात. कोणतं प्रथिन सापडलं, त्यावरून कॅन्सरचा प्रकार ठरतो आणि औषधही.

मी घरीच वाट पाहत होते. शेजारणी दारातूनच विचारायच्या, "काय निघालं?" काहीच निघालं नव्हतं. फोन वाजला की नवरा अंगणात जाऊन बोलायचा आणि मी त्याच्या पाठीकडे बघत राहायचे.

रिपोर्टसाठी नागपूरला गेलो, तर तोही अर्धवट. सुईने काढलेला तुकडा फार लहान होता, संशयित पेशी मोजक्याच होत्या, रंगावरून खात्री होत नव्हती. आता मानेतली अख्खी गाठ काढावी लागणार होती.

परतीच्या एसटीत मी सांगून टाकलं, आता मी कापून घेणार नाही. जे वाटेल ते औषध सुरू करा म्हणावं, नाहीतर घरी पडू द्या.

नवरा चिखल्याच्या खाणीत कामाला आहे. मोजकंच बोलतो. भंडारा मागे पडल्यावर म्हणाला, "तू थकली, हे मले दिसून राहिलं. पण अर्ध्या उत्तरावर मी तुले औषध लावू देत नाही. त्यानं बिघडलं, तर मी कोणाले विचारू?"

पुढच्या आठवड्यात ऑपरेशनला गेले.

दुसऱ्या रिपोर्टच्या दिवशी प्रयोगशाळेच्या बाहेर बाकावर बसलो होतो. पॅथॉलॉजिस्ट मॅडम, म्हणजे या काचा तपासून निदान करणाऱ्या डॉक्टर, स्वतः बाहेर आल्या. म्हणाल्या, सीडी थर्टी पॉझिटिव्ह, सीडी फिफ्टीन पॉझिटिव्ह, म्हणजे ही दोन्ही प्रथिनं सापडली. "हॉजकिन लिम्फोमा आहे. याच्यावर चांगले उपचार आहेत."

मला बघायचं आहे, असं मी म्हणाले. त्या आम्हाला आत घेऊन गेल्या. सूक्ष्मदर्शकात फिकट निळ्या ठिपक्यांची गर्दी होती आणि मधूनच एखादी मोठी तपकिरी पेशी, तीच कॅन्सरची. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला कळलं, की मला काय झालंय. नवऱ्यानेही डोळा लावला. बराच वेळ पाहून म्हणाला, "एवढ्याच हाय?"

केमो सोपी नव्हती. केस गेले, तोंड आलं, भात गिळवेना. पण त्या दिवसांना दिशा होती. शेवटच्या पेट स्कॅनमध्ये, म्हणजे सगळ्या अंगाच्या तपासणीत, गाठी कुठे जिवंत दिसल्या नाहीत. अजून तपासणीला जावं लागतं, जाते.

तुमच्यावर ही वेळ आली, तर घाई करा, पण रिपोर्ट पुरा येऊ द्या. पुन्हा तुकडा मागितला, तर चिडा, रडा, आणि द्या. काचेवर डोळे लावून बसणारी ती माणसं आपल्याला सहसा भेटत नाहीत. माझं औषध त्यांनी ठरवलं.

मागच्या महिन्यात बपेरा गावची एक बाई माझा पत्ता शोधत आली. तिच्या मुलाचा आयएचसी रिपोर्ट यायचा होता. तिने विचारलं, "तवरिक मी काय करू?" रिपोर्टच्या दिवशी मी तिच्यासोबत नागपूरला गेले आणि त्याच बाकावर तिच्याजवळ बसून राहिले.