चौथं बटण

ती घटना आठवली की आजही माझी छाती फुगते. खोटं कशाला बोलू? तेव्हा मी राळेगाव भागात ठाणेदार होतो. कापसाचे दिवस वाईट होते. खरेदी केंद्रासमोर कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत यायची आणि माणसं आपल्याच कापसावर झोपायची. ज्याचा नंबर आधी, त्याचं माप आधी. एवढाच काय तो न्याय उरला होता.

एक दिवस तोही मोडला. एका व्यापाऱ्याच्या गाड्या मागून आल्या आणि आधी आत गेल्या. संगणकात त्यांचे नंबर वर सरकवलेले निघाले. लोक खवळले. केंद्रप्रमुखाने लगेच तक्रार दिली, की संगणकावर बसणाऱ्या मुलीनेच क्रम बदलला आणि ते आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मुलीचं नुकतंच लग्न जमलं होतं. अटक झाली असती तर नोकरी गेली असती आणि सोयरीकही मोडली असती.

महिला शिपायाने तिला माझ्यासमोर बसवलं. ती रडत नव्हती, संतापली होती.

“सायेब, नंबर बदलाचं बटनच माह्याजवळ नाही. मले तीनच बटनं दिसते.”

“मंग काय बटन उडून गेलं का वो?” जबाब लिहून घेणारा माझा रायटर हसला. मी त्याला गप्प केलं. खोटं बोलणारा माणूस पटेल असं बोलतो. ही तर न पटणारं बोलत होती.

दुपारी रांगेतला एक बंडीवाला ठाण्यात आला. “पोरीले कायले धरून राह्यले सायेब? केंद्रप्रमुख अन् तो व्यापारी रोज एका टेबलावर जेवतेत, ते पाहा ना!”

मी केंद्रप्रमुखाला बोलावलं, चहा पाजला. आरडाओरडा करणारा ठाणेदार मी कधीच नव्हतो. सहज विचारलं, “तुमचा पासवर्ड आणखी कोणाला माहीत आहे?”

“छ्या! बायकोलेही सांगत नाही.”

“मग पोरीने केलं कसं?”

“तिनं तिच्याच नावानं प्रोग्राम उघडला होता. खाली चौथं बटण आहे, ‘क्रम बदला’. माझ्यासमोर दाबलं.”

सगळं जबाबात घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली. मग दोन पंच आणि प्रोग्राम बनवणाऱ्याला घेऊन केंद्रावर गेलो. मुलीने आपल्या नावाने प्रोग्राम उघडला. पडद्यावर तीन बटणं: नोंद करा, शोधा, छापा. पुढची जागा कोरी! केंद्रप्रमुखाला त्याच्या नावाने उघडायला लावलं, तर चौथं बटण हजर.

“ते फक्त प्रमुखालाच दिसतं,” प्रोग्रामवाला म्हणाला. “बाकीच्यांसाठी मी लपवून ठेवलंय.”

केंद्रप्रमुख पठ्ठ्या कायम स्वतःच्याच नावाने प्रोग्राम उघडायचा. आपल्याला दिसतं तेच सगळ्यांना दिसतं, असं धरून त्याने साक्ष रचली होती. त्याने पंचांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. व्यापारीही यात सामील असल्याचं मग त्याने स्वतःच सांगितलं.

तेव्हापासून प्रत्येक साक्षीदाराला मी आधी विचारायचो, “हे तुम्ही कुठं उभं राहून पाहिलं?” कित्येक खोट्या साक्षी त्या एका प्रश्नावर गळून पडल्या.

त्या संध्याकाळी मुलगी ताठ मानेने ठाण्याची पायरी उतरली आणि बापाच्या सायकलवर मागे बसून घरी गेली. नोकरीत मी पुष्कळांना बेड्या घातल्या. पण अभिमान विचाराल, तर त्या न केलेल्या अटकेचाच.