वाचलेली मुलगी

इंडोनेशियातल्या एका बेटावरचा ज्वालामुखीचा डोंगर फुटला, तेव्हा मी पायथ्याशी चहा पीत होते. वर गेलेल्यांपैकी कोणी परतलं नाही. त्यात माझी मैत्रीण होती, अकोल्याची. आम्ही पुण्यात एकाच ऑफिसात होतो आणि सुट्टीत फिरायला गेलो होतो.

अमरावतीला घरी आले, तर चौकात माझा फ्लेक्स. फोटो बारावीचा, खाली ‘मृत्यूवर मात’. मग सत्कार सुरू झाले. शाली इतक्या जमल्या की आई त्या लग्नांत आहेर म्हणून देऊ लागली. तिवस्याच्या शाळेत निवेदक म्हणाले, “आता ताई वाचतील.” मी भाषणाचा कागद उघडला. मागून एक काका ओरडले, “वाचली ना थे! अजून किती वाचाले लावता?” सगळे हसले. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मी जरा उशिरा हसले.

काय केलं म्हणून वाचलात, असं सगळे विचारत. बूट चावत होता म्हणून खालीच थांबले, असं मी सांगायची. ते कोणालाच आवडत नसे. पेपरात आलं की मी लाव्ह्याच्या पुढे धावले.

मैत्रिणीच्या आईला मात्र बुटाचं कसं सांगायचं, ते ठरत नव्हतं. म्हणून अकोल्याला जाणं मी टाळत होते. शेवटी गेले. काकूंनी पाणी दिलं आणि पेपरचं कात्रण पुढे केलं.

“मले बारीक दिसत नाई. तूच वाच.”

मी अक्षरांखाली बोट ठेवून वाचू लागले. लाव्ह्यापाशी थांबले.

“काकू, असं नाही झालं. मला बूट चावत होता. ती म्हणाली, तू बस, मी पाहून येते.”

“नवे होते का बूट?”

“नाही. माझे फाटले, म्हणून तिने तिचे जुने दिले होते. मला लहान होतात.”

काकूंनी कात्रणाची घडी घातली. पुन्हा उलगडली.

“कुठं हायेत ते?”

“दारात. घालूनच आलेय.”

त्या उठून दारापर्यंत गेल्या.

“काहून घालतं मंग? चावत असतीन ना अजून.”

“हो.”

बूट त्यांनी आत नेले. मला परत जायला स्वतःच्या चपला दिल्या. त्या बरोबर बसल्या.